खिडकीचा शर्ट

ज्याच्यावर अन्याय झाला तो म्हैसूरच्या विजयनगरातला एक लेडीज टेलर, माझा तेव्हाचा घरमालक. अन्याय झाला मागच्या वर्षी श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, एका मोठ्या खाजगी रुग्णालयाच्या तळमजल्यावर. वेळ मला पक्की माहीत आहे. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि टेबलापलीकडचा माणूस आमच्याकडे न बघता सारखा त्या घड्याळाकडे बघत होता. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणाला उकरून काढायला नको. ज्या कागदानं हा अन्याय झाला, त्या कागदावरचं अक्षर माझं आहे.

सगळे त्यांना मास्तर म्हणत. नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर लोक आधी मास्तरांच्या दारात जाऊन चौकशी करतील, रुग्णालयाच्या दारात कुणी जाणार नाही. आपल्याकडे ज्याला लागलं त्यालाच विचारतात, की तू तिथं उभा का होतास.

मी त्यांच्याकडे वरची खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला जात विचारली नाही, लग्न विचारलं नाही, अंडी खाते का तेही विचारलं नाही. शिलाई मशीनवरून न उठता म्हणाले, "वळ."

"काय?"

"पाठ कर ग. वळ."

मी तिथूनच परत फिरणार होते. पण मागून त्यांची बायको ओरडली, "वळ ग बाई, ते सगळ्यांना वळायला सांगतात. मला बघायला आले तेव्हाही हेच. माझ्या वडिलांनी काठी उचलली होती."

मी वळले. मास्तर म्हणाले, "डावा खांदा एक बोट खाली आहे तुझा. कसली पिशवी वाहतेस?"

"पत्रकं."

"कसली पत्रकं?"

"कामगारांची. बेळगोळला कारखान्यांच्या गेटवर वाटते."

"किती वर्षं?"

"तीन."

"नोडू काकू, बघ," ते बायकोला म्हणाले. स्वतःच्या बायकोला तेही काकूच म्हणत, गिऱ्हाईक म्हणतं म्हणून. "तीन वर्षं दुसऱ्याचं ओझं वाहून पोरीनं आपलं माप बिघडवलं. सरी. खोली घे. पिशवी उद्यापासून उजव्या खांद्यावर."

त्या दिवसापासून मी पत्रकबाई झाले. "काय पत्रकबाई, आज कुणाचा निषेध?" हा सकाळचा नमस्कार. घरी ते दोघं वाडवडिलांची मराठीच बोलत, पण त्या मराठीला आतून कन्नडचं अस्तर होतं, आणि कधी कधी अस्तरच बाहेर यायचं. माझी सांगलीकडची मराठी ऐकून ते म्हणत, "तू पेपरासारखी बोलतेस ग. दमत नाहीस?"

एकदा मी त्यांना माझं एक पत्रक वाचायला दिलं. किमान वेतनावरचं होतं. दोन दिवसांनी परत मिळालं ते चारी बाजूंनी पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून. "वाचणाऱ्यानं बोट कुठं धरायचं?" त्यांनी विचारलं. "कागदाच्या काठापर्यंत शब्द कोंबलेस. काठाला जागा नसलेला कपडा पहिल्या धुण्याला फाटतो. शब्दाचंही तसंच." मी वाद घातला, कागद महाग आहे म्हटलं. "मग कमी बोल," म्हणाले. मला राग आला होता. पण त्यानंतरच्या पत्रकांना मी समास सोडायला लागले आणि गेटवरची माणसं ती खरोखर वाचायला लागली, हेही खरं.

आता शर्टाचं सांगते, कारण विजयनगरात ते त्या शर्टासाठीच प्रसिद्ध होते. मास्तर खिडकीचा शर्ट घालायचे. पांढरा, अर्ध्या बाह्यांचा, कॉलर ताठ, आणि डाव्या बाजूला काखेपासून कमरेपर्यंत एक लांबट अंडाकार तुकडा कापून काढलेला. कापलेल्या कडेला निळ्या कापडाची पायपिंग, इतकी सुबक की नजर आधी तिच्यावर जायची आणि मग आतल्या उघड्या बरगडीवर. असे सहा शर्ट होते. लोक हसायचे. "मास्तर, हवा खेळती राहते काय?" रस्त्यावरून कुणीतरी ओरडायचं. "तुलाही शिवतो, माप दे," मास्तर मान वर न करता उत्तर द्यायचे.

त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी त्यांना नागीण झाली. पाठीच्या कण्यापासून डाव्या बरगडीवरून पुढं पोटापर्यंत फोडांचा पट्टा. काकूंनी काव लावली. शेजारणीनं येऊन सांगितलं की विळखा पुरा झाला की माणूस जातो, म्हणून काकू रोज सकाळी दोऱ्यानं विळखा मोजायच्या. विळखा पुरा झाला नाही. फोड महिन्याभरात सुकले, खपल्या पडल्या, फिकट डाग राहिले. आणि दुखणं राहिलं. गेलंच नाही. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, कातडी बरी झाली तरी नसेला ते अजून कळलेलं नाही. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप यायची, मशीनवर बोट सुईखाली जायचं, म्हणून मास्तर त्या अर्ध्याच घ्यायचे.

आणि त्या बरगडीला सगळ्यांत जास्त काय सोसत नव्हतं? कापड. उशी चालायची, हात दाबून धरला तर चालायचा, पण मलमलीचा नुसता स्पर्श झाला की निखारा ठेवल्यासारखं. पन्नास वर्षं ज्याच्या मांडीवर कापड होतं त्या माणसाला अंगावर कापड नको झालं. उघडं बसावं तर दुकानात बायका येणार. म्हणून खिडकी.

लोकांना हे त्यांनी कधी सांगितलं नाही. फॅशन म्हणून सांगितलं. मला कळलं तेही पंख्यामुळं.

दुकानातला पंखा कायम बंद असायचा. एप्रिलमध्ये गिऱ्हाईक घामाघूम व्हायचं, मास्तर म्हणायचे, "काय करणार अम्मा, बिघडलाय." कितीतरी उन्हाळे बिघडलेलाच. शेवटी एका शिक्षिकाबाईंना दया आली आणि त्यांनी आपल्या नवऱ्याला पाठवलं, तो विजेच्या कामातला. भला माणूस. शिडी घेऊन आला, पंखा उघडला, पुसला, बटण दाबलं. पंखा फिरला. फिरणारच, त्याला काहीच झालेलं नव्हतं. तो म्हणाला, "मास्तर, बघा, एकदम फर्स्ट क्लास!" आणि खुर्ची ओढून कौतुकानं पंख्याखाली बसला. मास्तरही बसले, कारण उठले असते तर खोटं उघडं पडलं असतं. मी तेव्हा भाडं द्यायला खाली आले होते. मास्तरांचा चेहरा हसत होता आणि मशीनच्या लाकडाला धरलेली बोटं पांढरी पडली होती. पंख्याचा वारा त्या खिडकीतून आत जात होता. तो माणूस तासभर बसला, चहा प्यायला, क्रिकेटवर बोलला. गेल्यावर मास्तरांनी कात्री घेतली, स्टुलावर चढले आणि पंख्याची वायर कापली.

"आता खरंच बिघडला," म्हणाले. "आता खोटं नाही."

काकू आतून म्हणाल्या, "सांगायला काय होतं ह्यांना? दुखतं म्हणायला काय होतं?"

"दुखतं म्हटलं की ब्लाउज दुसरीकडं जातात."

मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं आणि त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, शिवण उसवत बसल्यासारखं, एकेक टाका. एकादशीला त्यांच्या समाजाच्या विठ्ठल मंदिरात भजन असतं, तिथं ते लहानपणापासून जायचे, आता जात नाहीत. का, तर तिथं माणसं खांद्याला खांदा लावून बसतात, कुणाचं उपरणं लागतं, कुणाचा कोपर. "पांडुरंग काय म्हणणार नाही ग," म्हणाले. "पण मी ओरडलो तर लोक म्हणतील."

मग पेपरात त्या रुग्णालयाची एक योजना आली. वेदनेच्या विभागात जुन्या दुखण्याच्या माणसांना डोळ्यांवर बांधायचा एक संच घरी देणार, आधी बारा आठवड्यांसाठी, आणि उपयोग झाला तर पुढंही ठेवू देणार. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी. डोळ्यांवर चढवला की माणूस दुसरीकडंच असतो, समुद्राखाली, जंगलात, बर्फात, मान फिरवू तिकडं ते जग फिरतं, आणि आतला आवाज श्वास कसा घ्यायचा ते शिकवतो.

मी ते वाचून भडकले. मला ही जात माहीत होती. बेळगोळच्या एका कारखान्यात बायका दहा तास उभ्या राहून कंबर धरायच्या, त्यांनी स्टूल मागितलं तर व्यवस्थापनानं ध्यानधारणेचं शिबिर दिलं. मी पत्रकाचा मथळासुद्धा लिहिला होता: वेदनेवर सिनेमा नको, इलाज द्या! मास्तरांना तिथं घेऊन गेले ती भांडायलाच.

तिथली डॉक्टर माझ्याच वयाची. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गोळ्या बंद करणार नाही. हे गोळ्यांच्या जागी नाही, बरोबरीनं आहे. ह्यानं नस बरी होणार नाही, तसं मी सांगतही नाही. पण मेंदू दिवसभर त्या बरगडीकडेच बघत बसलाय. त्याला दुसरीकडं बघायची सवय लावता येते. काहींना उपयोग होतो, काहींना नाही. बघूया?" मग ती मास्तरांकडं वळली, शर्टाच्या खिडकीकडं बघितलं आणि कन्नडमध्ये म्हणाली, "पायपिंग फार छान आहे."

मास्तर खल्लास. "सरी डॉक्टर," म्हणाले, "बांधा काय बांधायचं ते."

बाहेर टेबलावर फॉर्म. तिथं समन्वयक असा बिल्ला लावलेला एक माणूस. फॉर्म इंग्रजी, म्हणून पेन माझ्या हातात आलं. पहिला प्रश्न: शून्य ते दहा, तुमची वेदना किती? शून्य म्हणजे नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढी सगळ्यांत वाईट.

मास्तरांनी छताकडं बघितलं. अंगठा आणि बोटामध्ये कापड चोळतात तशी हवा चोळली. "सहा लिही."

मी सहा लिहिलं.

मागच्या पानावर एकच प्रश्न होता आणि खाली चार ओळी रिकाम्या: ह्या वेदनेमुळं तुम्हाला काय करता येत नाही? मी पेन टेकवलं तेवढ्यात समन्वयक म्हणाला, "ते ऐच्छिक आहे, मॅडम. मागं रांग आहे." मी ते सोडून दिलं. मी! गेटवर उभी राहून रोज ओरडते की कागदाची मागची बाजू वाचल्याशिवाय सही करू नका, ती मी.

पुढचे बारा आठवडे मी विसरणार नाही. मास्तर त्या संचाला झापडं म्हणायचे. राजवाड्यापाशी टांग्याच्या घोड्याला असतात तशी. दुपारी गिऱ्हाईक नसताना मशीनपुढच्या स्टुलावर बसून झापडं चढवायचे, आणि पाय आपोआप पायट्यावर चालायला लागायचे. समुद्राखाली गेलेला माणूस मशीन चालवतोय! आतली बाई इंग्रजीत बोलायची, मास्तर तिला मराठीत उत्तर द्यायचे. "थांब ग. घेतोय की श्वास. तुला काय, तुला फुफ्फुस नाही."

काकू दारात उभ्या राहून म्हणायच्या, "माझं चाळीस वर्षांत एक ऐकलं नाही. त्या डब्यातल्या बाईचं बघ कसं ऐकतात."

"ती ओरडत नाही ना ग."

"तिला तुमचे कपडे धुवायला नाहीत म्हणून."

समुद्र त्यांना आवडला नाही. मासे फार जवळ येतात, म्हणाले. बर्फ आवडला. "मांजरपाटाचं अख्खं ठाण उलगडून टाकलंय ग, जाईल तिथपर्यंत पांढरं. एक सुरकुती नाही. आणि गार." पहिल्या आठवड्यात झापडं काढली की पाच मिनिटांत आग परत यायची. मग पंधरा मिनिटांनी. मग तासानं. मग त्यांना झापडं नसतानाही कधी कधी तो श्वास घेता यायला लागला, ब्लाउज कापता कापता. मी रोज विचारायचे, नसेचं काय झालं. "आहे तिथंच आहे," म्हणायचे. "पण आता ती एकटीच बोलत नाही."

आठव्या आठवड्यात त्यांनी वायर जोडून पंखा एकवर लावला. दहाव्या आठवड्यात स्वतःसाठी शर्ट कापायला घेतला. पूर्ण शर्ट, खिडकी नाही. मऊ, धुऊन धुऊन जुनं झालेलं कापड घेतलं, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली म्हणजे आत टोचणार नाही. आणि एकादशीला तो घालून देवळात गेले. मी आणि काकू मागं बायकांत बसलो होतो. ते अभंगाला मागून साथ देतात, पुढं म्हणत नाहीत, आवाजही काही विशेष नाही. शेजारच्या माणसाचं उपरणं दोनदा त्यांच्या बाजूला लागलेलं मी बघितलं. एकदा त्यांनी डोळे मिटले, लांब श्वास घेतला, सोडला, आणि पुढचं चरण धरलं. काकूंनी माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

मग तो मंगळवार. मास्तर तोच पूर्ण शर्ट घालून गेले, वरचं बटणसुद्धा लावून. डॉक्टर त्या दिवशी रजेवर होती. टेबलावर समन्वयक. परत तेच, शून्य ते दहा.

"पाच," मास्तर म्हणाले. चटकन म्हणाले, आनंदानं.

मी पाच लिहिलं. समन्वयकानं जुना कागद काढला, नवा शेजारी ठेवला. "सहा वजा पाच, एक. किमान दोनचा फरक लागतो. संच परत करावा लागेल. पुढचे पेशंट थांबलेत." आणि हात पुढं केला. मास्तरांच्या मांडीवर पिशवी होती, काकूंनी झापडांसाठी खास शिवून घेतलेली, आतून मऊ कापड लावलेली. त्यांनी पिशवीसकट दिली. समन्वयकानं झापडं काढून नंबर तपासला, पिशवी परत ढकलली. मास्तर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "थँक्यू सार."

मी बोलले. खूप बोलले. तो म्हणाला, "मॅडम, आकडा तुम्हीच लिहिलाय." मग घड्याळाकडं बघितलं. अकरा दहा.

त्या माणसासमोर, दोन हातांवर, पूर्ण शर्ट घातलेला माणूस बसला होता. तीन महिन्यांपूर्वी तोच माणूस त्याच खुर्चीत बरगडी उघडी टाकून बसला होता. ह्यापेक्षा मोठा पुरावा कुठल्या कागदावर मावतो? पण बघायला मान वर करावी लागते.

परतीच्या बसमध्ये मी मास्तरांवरच उखडले. "तुम्ही पहिल्या दिवशी सहा कसं सांगितलं? पंख्याचा वारा सोसत नव्हता तुम्हाला! सहा?"

"आठ होतं," ते म्हणाले.

"मग आठ का नाही सांगितलं?"

ते माझ्याकडं अशा नजरेनं बघत राहिले की जणू मी ब्लाउजचं काही विचारतेय आणि इतकी साधी गोष्ट मला कळत नाही. "दोन आत सोडले. पुढं वाढलं तर काढायला नको? अंगाबरोबर कुणी कापतं काय ग? सगळं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं आणि नंतर वाढलं, तर कुठून आणू?"

हे त्यांनी माझ्यासमोर शंभर वेळा केलेलं होतं. मास्तरांच्या दुकानात कुठल्याही बाईला तिचं खरं माप ऐकायला मिळत नसे. वहीत एक लिहायचे, तोंडानं त्याहून कमी सांगायचे, आणि शिवणीच्या आत दोन बोटं कापड दडवून ठेवायचे. वर्षा-दोन वर्षांनी तीच बाई संकोचत यायची, मास्तर, घट्ट होतोय म्हणायची, आणि मास्तर तिच्यासमोर टाके उसवून आतलं कापड बाहेर काढून द्यायचे. त्याचं त्यांना भूषण वाटायचं. आणि मला, त्यांच्या डोक्यावर राहणाऱ्या मला, त्या टेबलाशी हे सुचलं नाही.

"मग आज पाच?"

"आज पाचच. आज काय आत सोडलं नाही." ते खिडकीबाहेर बघत होते. "आता वाढणार नाही असं वाटलं ग."

म्हणजे जेव्हा त्यांना भीती होती तेव्हा त्यांनी दुखणं लपवलं, आणि जेव्हा विश्वास बसला तेव्हा खरं सांगितलं. आठावरून पाच. तीनचा फरक होता. किमान दोन लागत होता. आणि विश्वासाची शिक्षा म्हणून संच काढून घेतला.

मी दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशीही. समन्वयक म्हणाला, नोंद झालेला आकडा बदलता येत नाही, बदलला तर सगळ्याच नोंदींवर संशय येईल. मी म्हटलं, यायलाच पाहिजे! रजेवरून आल्यावर डॉक्टरनं स्वतः मास्तरांना परत तपासलं, दोन पानांचं पत्र लिहिलं, शर्टाचं लिहिलं, देवळाचं लिहिलं. पत्र रुग्णालयाच्या योजना-समितीकडं गेलं. समितीत बसलेल्या कुणीही मास्तरांना कधी बघितलेलं नाही. उत्तर एका ओळीचं आलं: नोंदीनुसार लाभ अपुरा. मी डॉक्टरला विचारलं, पुढचे पेशंट खरंच थांबलेत का? तिनं मला एका लोखंडी कपाटापाशी नेलं आणि वरच्या काचेतून दाखवलं. संच एकावर एक ठेवलेले होते. मास्तरांच्या संचाच्या पट्ट्याला निळ्या दोऱ्याचा टाका होता, सैल झाला होता म्हणून त्यांनीच घातलेला. तो मी ओळखला. धूळ बसायला सुरुवात झाली होती. किल्ली समन्वयकाकडं, आणि आता नवा नियम असा की पहिल्या फॉर्मवर सात किंवा जास्त आकडा असेल तरच नवा संच निघतो.

म्हणजे जे दुखणं दोन बोटं दडवून सांगतात त्यांना तो मिळणारच नाही. सांगा, आपल्या घरातली किती माणसं दुखणं पूर्ण मापानं सांगतात?

मास्तर मात्र भांडले नाहीत. ह्यावरून आमचं जोरात वाजलं. मी म्हटलं, "तुम्हाला राग कसा येत नाही? चला माझ्याबरोबर, बसू त्यांच्या दारात!"

"राग आला की बरगडी पेटते ग पत्रकबाई," ते म्हणाले. "मला नाही सोसत. माझ्या वाटचा तू कर."

मी करते आहे.

दोन-तीन महिन्यांत त्यांनी पूर्ण शर्ट घडी करून ठेवून दिला. शिकलेला श्वास काही दिवस पुरला. मग थंडीत आग परत वाढली, गोळ्या अर्ध्याच्या पूर्ण झाल्या, आणि एका दुपारी सुई नखातून गेली. आता मी सरस्वतीपुरमला राहते, कामासाठी जवळ पडतं म्हणून, पण रविवारी जाते. दुकान सकाळी दोनच तास उघडं असतं. मास्तर मला अजून वळायला लावतात, खांदा बघतात. एकादशीला काकू एकट्या जातात. मागच्या रविवारी भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "दिवसातनं एक तास होता ग तो. एक तास माझा माणूस माझ्याशी नीट बोलायचा. तो एक तास घेऊन त्यांनी कपाटात ठेवला. त्यांना त्याचं काय करायचंय?"

ह्याचं उत्तर मला तुमच्याकडून हवंय.

मी त्या रुग्णालयाला अर्ज लिहिलाय. मागण्या दोनच आहेत. आकड्यावरून कुणाचा संच काढून घ्यायचा नाही. आधी फॉर्मचं मागचं पान भरायचं, माणसाला काय करता येत नव्हतं आणि आता काय येतं ते लिहायचं, आणि ते वाचून, त्या माणसाकडं बघून ठरवायचं. आणि मास्तरांचा संच मास्तरांना परत करायचा. एकटी गेले की मला बाकावर बसवून ठेवतात. म्हणून तुम्ही या; रुग्णालयाचं नाव-पत्ता सोबत जोडलेल्या अर्जावर आहे. तुमच्या घरात जे कुणी दुखणं गिळून बसलंय, त्यांनाही आणा. बाहेरचे पेशंट बघायची वेळ मंगळवारी सकाळी दहाला सुरू होते. समन्वयकाचं टेबल तळमजल्यावर डाव्या हाताला आहे. त्याच्यासमोर उभे राहा, आणि त्यानं मान वर करून तुमच्याकडं बघितल्याशिवाय आणि ते कपाट उघडल्याशिवाय तिथून हलू नका.